एकच दार, मग आजीचं काय?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, “ख्रिस्त हाच एकमेव तारणारा असेल, तर माझ्या वारकरी आजीचं काय?” प्रश्न मनापासूनचा आहे, गोड बोलून टाळण्यासारखा नाही. म्हणून आज योहानाच्या शुभवर्तमानाचा १०वा अध्याय घेऊ.

हा अध्याय आपल्याला चित्रातूनच जास्त माहीत असतो: खांद्यावर मेंढरू घेतलेला येशू. चित्र जुनंच आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकापासून सापडतं, आणि तिथे तो चक्क बिनदाढीचा तरुण आहे! पण हे बोलणं सुरू कुठून होतं, ते चित्रात दिसत नाही. ते सुरू होतं ९व्या अध्यायात. येशू एका जन्मांध माणसाला दृष्टी देतो. तो माणूस झालं तेच सांगत राहतो, म्हणून धर्मपुढारी त्याला बाहेर काढतात. येशू त्याला शोधून गाठतो, आणि मग परूश्यांसमोर मेंढवाड्याचा विषय काढतो. (अध्यायांचे आकडे मध्ययुगात आले. त्यामुळे वाचताना आपला हा धागा तुटतो.)

ऐकणाऱ्यांना यहेज्केल ३४ आठवला असणार. तिथे इस्राएलचे मेंढपाळ म्हणजे पुढारी. कळपावर स्वतः पोसले जातात, दुबळ्या मेंढराकडे बघत नाहीत. मग देव म्हणतो की आता मीच माझी मेंढरं शोधीन. म्हणजे येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो तेव्हा तो देवाचं काम आपलं म्हणून सांगतोय. दावा लहान नाही. त्याच अध्यायात पुढे लोक दगड उचलतात.

तो स्वतःला दारही म्हणतो. मेंढपाळ रात्री वाड्याच्या तोंडाशी आडवा झोपायचा म्हणून तोच दार, असं प्रवचनात सांगतात. छान वाटतं, पण मजकुरात हे नाही. उलट तिथे वेगळा द्वारपाळ आहे. मजकुराचा भर दुसरीकडे आहे: लांडगा दिसला की मोलकरी पळतो, मेंढपाळ जीव देतो. ‘एकमेव’ हे इथून येतं. तारण म्हणजे परीक्षेत पास होणं नव्हे. मेंढराच्या वाटचं मरण कोणीतरी स्वतःवर घेतं. तसं घेणारा एकच, ही ख्रिस्ती श्रद्धा. पेत्र तेच म्हणतो (प्रेषितांची कृत्ये ४:१२), तेही अटकेत, एका पांगळ्याला बरं केल्याचा जाब देताना.

आता आजी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते ख्रिस्तावर उघड विश्वास हवाच. लक्षात घ्या, दार दोघांचंही एकच आहे. वाद आहे तो दाराचं नाव माहीत नसताना आत येता येतं का, याचा.

माझा कल पहिल्या बाजूला. या वाड्यातली नसलेली आणखी मेंढरं आपली आहेत, असं येशू म्हणतो. अभ्यासक त्याचा अर्थ बहुतेकदा यहुदी नसलेले लोक असा घेतात, त्यामुळे ते वचन मी आजीपर्यंत ताणणार नाही. पण त्यांना आणण्याचं काम तो स्वतःकडे ठेवतो, आणि हे कोणाला सांगतोय? एकाला बाहेर काढणाऱ्यांना.

श्रोत्याला एवढं कळवलं. उलट प्रश्न आला: मग सुवार्ता सांगायचीच कशाला? तो पुढच्या भागात.