हा सुळा कुणाचा?

समजा, गिरगावातल्या जुन्या चाळीत, आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी तुम्हांला सोन्याच्या कोंदणात बसवलेला एक पिवळट दात सापडला. घरातले म्हणतात, "वाघाचा आहे!" पण कशावरून? लांब आहे म्हणून? लांबीने माणूस हमखास फसतो. सुळ्याचा निम्म्याहून अधिक भाग जबड्यात रुतलेला असतो, त्यामुळे मुळासकट निघालेला बिबळ्याचा सुळाही आपल्याला अवाढव्य वाटतो.

तेव्हा मोजपट्टी बाजूला ठेवा. दाताच्या चकचकीत भागावरून नख आडवे फिरवा. मार्जार कुळातल्या प्राण्यांच्या सुळ्यावर बारीक उभ्या खाचा असतात; नख तिथे अडखळते. अस्वलाचा सुळा चांगला जाडजूड, पण त्यावर अशा खाचा नसतात. कुत्र्याच्या सुळ्यावरही नसतात.

आता बूड पाहा. मगरीचा दात शंकूसारखा आणि बुडाशी पोकळ असतो, कारण खालून नवा दात वर येत असतो. नर डुकराचा सुळाही बुडाशी उघडाच, कारण तो जन्मभर वाढतो. मात्र तो कोयत्यासारखा वाकलेला आणि तीन पैलूंचा असतो.

खाचा सापडल्या, पण दात लहान आहे. मग तो बिबळ्याचाच का? थांबा. कोवळ्या वाघाच्या सुळ्यातली पोकळी मोठी आणि भिंत पातळ असते. वय वाढते तशी ती पोकळी आतून भरत जाते. लहान पण भरीव सुळा बहुधा बिबळ्याचा. तेवढाच पण पोकळ सुळा तरुण वाघाचाही असू शकेल. कोंदणाने बूड झाकले असेल, तर ही पोकळी क्ष-किरण चित्रात दिसते.

एवढ्यानेही भागले नाही, तर तज्ज्ञ तो दात ओळख पटलेल्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहतात. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने फोर्टमध्ये सस्तन प्राण्यांचे असे नमुने जपले आहेत. वाघ की सिंह, हे मात्र नुसत्या सुळ्यावरून सांगणे फार अवघड. तिथे डीएनए तपासावा लागतो.

उत्तराला महत्त्व आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघाचा किंवा बिबळ्याचा दात मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय घरात ठेवणे गुन्हा आहे, मग तो आजोबांचा का असेना!

आणि त्या खाचा पाहायला वाघच हवा असे नाही. लालबागच्या जिन्यात पहुडलेली वाघाची मावशी जांभई देईल, तेव्हा तिचे सुळे दुरूनच नीट न्याहाळा.