कपाटामागची काच

‘घर पाहावे बांधून’ असे म्हणून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी बांधलेले घर वाढवून पाहिले नसावे. नवे घर बांधताना निदान जागा तरी मोकळी असते. राहते घर वाढवायचे म्हणजे एका खोलीत विटा, दुसरीत बिऱ्हाड आणि तिसरीत देव! आमच्याकडे तर देव आणि सिमेंटची पोती यांना आठ महिने एकाच कोनाड्याशी नांदावे लागले.

पण मी सांगणार आहे ती हकीकत या हालांची नव्हे. आमच्या घरातली एक भिंत आम्ही पाडायला निघालो होतो. दिवस ठरला होता, मजुरीचा विसारही दिला होता. ती भिंत पाडली असती, तर हा लेख लिहायला मी शिल्लक राहिलो असतो की नाही, कोण जाणे.

आमचे घर कऱ्हाडचे. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या संगमापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते १९५९ साली बांधले. अण्णा शाळामास्तर. सिमेंट त्या काळी परमिटवर मिळे, आणि मास्तरांच्या हाती परमिट पडेपर्यंत मुले मॅट्रिक व्हायची. म्हणून अण्णांनी भिंती चुन्यातच रचल्या. काळ्या दगडाचे जोते, दीड विटेच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले. पुढे ओसरी, मग बैठकीची खोली, माजघर, स्वयंपाकघर. माजघराला लागून मधली भिंत, आणि त्या भिंतीला टेकून एक अवजड शिसवी कपाट. ते कपाट तिथून कधी हलल्याचे मला आठवत नाही.

२०२० साली टाळेबंदी झाली आणि पुण्यात नोकरी करणारे आमचे चिरंजीव सूनबाई आणि नातीसह वर्षभर कऱ्हाडला येऊन राहिले. ओसरीवर बसून त्यांचे कचेरीचे काम बिनबोभाट चाले. पुढे त्यांनीच विषय काढला, “बाबा, आम्ही कायमचे इकडेच आलो तर?” आमच्या सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

मग बेत शिजू लागले. माजघराची मधली भिंत काढून एक प्रशस्त हॉल करायचा, कौले उतरवून स्लॅब घालायचा आणि वर चिरंजिवांसाठी दोन खोल्या काढायच्या. खोटे कशाला बोलू, हॉलची हौस माझीच अधिक. गावातल्या चार घरी पाहिलेला तो हॉल माझ्या डोळ्यांत भरला होता. मेस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, “काका, त्यात काय हाय? दोन दिवसांत भिंत काढून देतो.”

या साऱ्या बेतात माझ्या आईला, वय वर्षे सत्त्याऐंशी, कोणी काही विचारले नाही. ती माजघरातल्या आपल्या पलंगावर बसून ऐकत असे.

नशीब असे, की माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची कन्या इमारतींची इंजिनियर आहे. नकाशावर तिची सही घ्यावी एवढ्याच हेतूने तिला बोलावले. तिने नकाशा बाजूला ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काका, घर कुणासाठी वाढवायचंय?”

“म्हणजे काय, सगळ्यांसाठी!”

“मग आजी रात्री उठतात, तेव्हा कुठे जातात?”

मी गप्प झालो. आमचा संडास परसात, मागच्या पडवीतून चार पायऱ्या उतरून. आदल्याच पावसाळ्यात आई त्या पायऱ्यांवर घसरली होती. मनगट मोडले होते. प्लॅस्टर निघाले आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो. आमच्या नकाशात हॉल होता, गच्ची होती, झोपाळ्याची जागा होती; आईच्या चार पायऱ्या मात्र तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पायाशेजारी खड्डा खणवला. वर तीन फूट काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर टेकलेली भिंत मग दर वर्षी थोडीथोडी हलते. अण्णांनी पाया मुरमापर्यंत नेला होता खरा, पण रुंदीला तो एका मजल्यापुरताच होता. ती म्हणाली, “एक कौल दोन-अडीच किलोचं. त्याऐवजी दहा बाय बाराच्या एका खोलीवर पाच इंची स्लॅब घातला, तर नुसत्या स्लॅबचं वजन साडेतीन टन होतं. त्यावर पुन्हा भिंती आणि माणसं. हा पाया ते सोसणार नाही. आणि मधली भिंत तर काढायचीच नाही. आढं तिच्यावर टेकलेलं आहे.”

चिरंजीव चिडले. “म्हणजे काहीच करायचं नाही! मग आम्ही पुण्यातच बरे.” सूनबाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावले, पण शब्द निघून गेला होता. सौभाग्यवती आत निघून गेल्या. मीही मनातून त्या मुलीवर नाराजच झालो. मेस्त्री दोन दिवसांत काढून देणार होते ती भिंत ही जन्मभर ठेवायला सांगत होती.

ती शांतपणे म्हणाली, “कपाट जरा हलवू या का? भिंत नीट पाहते.”

चौघांनी जोर लावला तेव्हा ते शिसवी धूड सरकले. मागच्या भिंतीवर जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत एक तिरपी चीर गेली होती. आणि त्या चिरेवर आडव्या, सिमेंटच्या ठिपक्यांनी दोन्ही टोकांना चिकटवलेल्या, बोटभर रुंदीच्या काचेच्या तीन पट्ट्या होत्या. वरची तडकलेली. दुसरीही तडकलेली. तिसरी सबंध. प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. अक्षर अण्णांचे. पहिली तारीख १८ डिसेंबर १९६७ची, दुसरी पुढच्या मार्चची आणि तिसरी जून १९६९ची.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. फळीवरची पितळी भांडी धडाधड अंगणापर्यंत गडगडत गेली आणि आईने आम्हा तिघा भावंडांना कुशीत कवटाळून बाहेर काढले. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. दीडशेवर माणसे गेली. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात गोधड्या पांघरून झोपलो. हे सारे मला आठवत होते. पण आमच्या घराला चीर गेली होती, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळत होते!

आई पलंगावरून म्हणाली, “तुम्ही मुलं आत झोपायला घाबरत होता. म्हणून ह्यांनी कपाट तिथं सरकवलं. दर अमावास्येला, तुम्ही झोपलात की, कंदील घेऊन कपाटामागं डोकवायचे. काच फुटली की चार-चार दिवस जेवण जायचं नाही त्यांना.”

“आणि तिसरी लावल्यावर?”

“तिसरी फुटलीच नाही. पण बघणं काही सुटलं नाही त्यांचं. जायच्या आदल्या महिन्यापर्यंत बघत होते.”

अण्णा १९८८ साली गेले. त्या भिंतीपलीकडे मी वीस वर्षे निर्धास्त घोरत होतो, आणि अलीकडे एक माणूस कंदील धरून उभा होता.

इंजिनियरीणबाईंनी काचेचा अर्थ समजावला. काच ताणली जात नाही. चीर केसभर जरी रुंदावली तरी ती तडकते. तिसरी काच सबंध, याचा अर्थ १९६९ नंतर ती चीर वाढलेली नाही. भिंत जायबंदी आहे, पण स्थिर आहे. आहे तेवढा भार ती उचलील; नवा घालू नये, आणि तिच्या आधारावाचून घराला ठेवू नये.

चिरंजीव बराच वेळ भिंतीपाशी उकिडवे बसून होते. मग उठून त्यांनी नकाशाची घडी केली आणि विचारले, “मग मागच्या बाजूला वाढवता येईल का?”

तसेच केले. पालिकेची परवानगी काढून जानेवारी २०२२ मध्ये परसात नवा पाया खणला. तो मुरमात नीट उतरवला. नव्या बांधकामाचे खांब स्वतंत्र, आणि भिंती एकमेकींना जखडून ठेवण्यासाठी दारा-खिडक्यांच्या वरून सभोवार काँक्रीटचा पट्टा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जड दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, त्याला एक कारण भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या हे होते. जुन्या भिंतीतली चीर साफ करून तिच्यात आडव्या सळया बसवल्या आणि चुन्याचा गारा भरला. गिलावाही चुन्याचाच. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. तिला सिमेंटने लिंपले, तर ओल आतच कोंडते.

स्लॅब पडल्यावर त्यावर वाफे करून चौदा दिवस पाणी साठवले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होते, हे आईला कुणी सांगितले कोण जाणे, रोज सकाळी ती खुर्ची टाकून मजुरांना हाक मारी, “पाणी घातलंत का रे?”

आईची खोली तळमजल्यावरच आहे. दार तीन फुटी, उंबरठा नाही, संडास-न्हाणीघर खोलीला लागून आणि भिंतीला धरायला दांडे. चिरंजिवांच्या दोन खोल्या तिच्या शेजारी. अंदाज अकरा लाखांचा होता, झाले साडेतेरा. हॉल काही झाला नाही.

जुन्या आणि नव्या घराच्या मध्ये इंचभर फट मुद्दाम ठेवली आहे; वरून नुसती पट्टी मारली आहे. नातीने विचारले, “तिथं पण काच लावायची का?” इंजिनियरीणबाई हसल्या. “नको. दोन्ही घरांचे पाये वेगळे, ती आपापल्या परीने हलणार. त्यासाठीच ती फट आहे. गच्च जोडली असती, तर नक्की तडा गेला असता.” त्यावर आमच्या सौभाग्यवती सूनबाईंकडे पाहून म्हणाल्या, “हे मला पस्तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!” आणि आईसकट सगळे हसले.

घर वाढवू पाहणाऱ्यांनी माझ्याकडून एवढेच घ्यावे: कुदळ मारण्याआधी जाणत्या माणसाकडून पाया आणि भिंत तपासून घ्या, आणि त्याच्याही आधी, घरातले जे माणूस सर्वांत कमी बोलते, त्याला विचारा.

मधल्या भिंतीला गिलावा करताना आईने मेस्त्रींना तिसऱ्या काचेपुरती जागा उघडी ठेवायला लावली. कपाट आता दुसऱ्या भिंतीशी आहे. २०२२च्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाला उठलो तेव्हा माजघरात उजेड दिसला. चिरंजीव मोबाईलची बत्ती धरून भिंतीपाशी वाकले होते.

“काय रे?” मी विचारले.

“काही नाही, बाबा,” ते म्हणाले. “सबंध आहे.”