जिनिव्हाच्या कागदांत मणिबेली

नंदुरबार जिल्हा जन्मला १ जुलै १९९८ रोजी. पण त्यातल्या काही गावांची नावं त्याआधीच, म्हणजे धुळे जिल्ह्यात असतानाच, वॉशिंग्टन आणि जिनिव्हाच्या कागदपत्रांत जाऊन बसली होती. अन्न, घर, जमीन, मजुरी, दवाखाना, शाळा हे माणसाचे हक्क आहेत, असे करार जगातल्या देशांनी आपसात केलेत आणि ते पाळले जातात का, हे बघणारी मंडळंही नेमलीत. या करारांचा कस अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जितका लागला, तितका देशात फार थोड्या ठिकाणी लागला असेल.

तारीख एक, घटना दोन

२९ सप्टेंबर २०१०. देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. फारसं कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की बरोबर ५२ वर्षांपूर्वी, २९ सप्टेंबर १९५८ रोजी, भारताने आदिवासींसाठीच्या जगातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हा १९५७ सालचा करार, क्रमांक १०७.

त्यातलं कलम ११ म्हणतं, आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहतात तिची मालकी, वैयक्तिक असो वा सामूहिक, मान्य झाली पाहिजे. कलम १२ म्हणतं, हलवणं अगदीच अटळ झालं तर निदान तितक्याच कसाची जमीन द्या. कलम २३ मुलांना शक्य तिथे मातृभाषेतून लिहा-वाचायला शिकवायला सांगतं. पावरी, मावची, देहवाली घरात बोलणाऱ्या पोरांच्या जिल्ह्यात हे कलम आजही ताजं आहे.

या करारात दोष होता. आदिवासींनी हळूहळू बाकीच्या समाजात मिसळून जावं, असा त्याचा सूर होता. म्हणून १९८९मध्ये नवा करार, क्रमांक १६९, आला. तो भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्यावर बंधन आहे ते अजून जुन्याचंच.

पहिल्याच बैठकीला मराठी माणूस

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ स्थापन झाली १९१९ साली, संयुक्त राष्ट्रांच्या २६ वर्षं आधी. वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेत भारतातल्या कामगारांच्या वतीने बसले होते नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. देश पारतंत्र्यात होता, तरी संस्थापक सदस्यांच्या यादीत भारताचं नाव होतं.

१९७९: एका वर्षात तीन वचनं

माझ्या मते नंदुरबारच्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वर्ष, आणि ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात या अर्थाने येत नाही.

२६ जानेवारीला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला. काम मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना. १० एप्रिलला भारताने आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. कामाचा हक्क त्याच्या सहाव्या कलमात आहे. म्हणजे दिल्लीने जगाला शब्द देण्याआधी दोन-अडीच महिने महाराष्ट्राने तो आपल्या मजुराला कायद्याने दिला होता! याचा अभिमान बाळगायला काहीच हरकत नाही.

आणि डिसेंबरात नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात ज्यांची जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनाची जमीन आणि सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, असं त्यात लिहिलं होतं. त्या काळी जगात कुठल्याही धरणग्रस्तांना इतकं क्वचितच कबूल झालं असेल.

सातबारा नसलेली माणसं

घोळ झाला तो इथे. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात गेलं. निवाडा सांगतो, जमीनधारकाला जमीन. पण डोंगरात अनेकांची शेती म्हणजे नेवाड, आजा-पणजापासून कसलेली जंगलजमीन. सरकारी दप्तरात ती वनखात्याची आणि कसणारा अतिक्रमणदार. ज्याच्या नावावर कागद नाही तो भूमिहीन. भूमिहीनाच्या पदरात काय पडणार?

करार १०७च्या कलम ११चं मोल इथे कळतं. त्यात कागदाची अट नाही, परंपरेने राहणं पुरेसं आहे. जिनिव्हातली आयएलओची तज्ज्ञ समिती नव्वदच्या दशकात याच कलमांवर बोट ठेवून भारत सरकारला सरदार सरोवराविषयी विचारत राहिली. तिच्या हाती पोलीस नाहीत, दंड नाही. ती प्रश्न विचारते, उत्तर मागते, आणि दोन्ही छापून जगासमोर ठेवते.

जागतिक बँकेला माघार घ्यायला लावणारे डोंगर

१९८५मध्ये जागतिक बँकेने धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. मणिबेलीसारख्या गावांनी ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ म्हणत ठिय्या दिला, नर्मदा बचाओ आंदोलनाचा आवाज परदेशात पोहोचला आणि १९९१मध्ये बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. स्वतःच पैसे दिलेल्या प्रकल्पाची अशी चौकशी बँकेने त्याआधी कधी केली नव्हती. प्रमुख होते ब्रॅडफर्ड मोर्स, सोबत कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. जून १९९२च्या अहवालात त्यांनी लिहिलं, की पुनर्वसन सदोष आहे आणि बँकेने मागे सरावं. मार्च १९९३च्या अखेरीस भारताने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं.

पुढची गोष्ट तर खासच. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशाने चाललेल्या कामाची झळ बसलेली दोन माणसंसुद्धा आता थेट तक्रार करू शकतात. नेपाळपासून आफ्रिकेपर्यंत लोकांनी ही सोय वापरली. १९९४मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांचं कर्ज थांबवा, अशी मागणी बँकेकडे केली. त्या जाहीरनाम्याचं नाव, मणिबेली जाहीरनामा. महाराष्ट्राच्या अगदी टोकाच्या त्या गावाला धड रस्ताही नव्हता, आणि त्याचं नाव जगभर छापलं गेलं.

धरण थांबलं नाही, हेही सांगितलंच पाहिजे. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात करार १०७ वाचला गेला, पण न्यायालय म्हणालं, हा करार विस्थापनाला बंदी करत नाही, योग्य मोबदला आणि पुनर्वसन मागतो. २०१९च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. नेवाडाच्या प्रश्नाला देशाच्या कायद्यात नाव मिळालं ते २००६च्या वनहक्क कायद्याने, करार मान्य केल्यावर ४८ वर्षांनी. हा उशीर अक्षम्य आहे.

वल्ह्यावरचा आरोग्याचा हक्क

आर्थिक-सामाजिक हक्कांच्या कराराचं कलम ११ अन्नाचं, कलम १२ आरोग्याचं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं? २०२०मध्ये, करोनाच्या भीतीने पाड्यांवरची माणसं अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने एका मासेमाराची छोटी होडी मागून घेतली. पोषण आहार आणि बाळांचं वजन करायचं साहित्य त्यात ठेवलं आणि नर्मदेच्या फुगवट्यातून एकटी वल्हवत अलीघाट आणि दादरच्या वस्त्यांवर जाऊ लागली. आठवड्यातून अनेकदा, महिनोन् महिने. गरोदर बायका तपासायच्या, तान्ही बाळं तोलायची, परत वल्हवायचं. हात दुखायचे, तरी ती जात राहिली. करारात हे काम सरकारचं लिहिलेलं आहे. तिच्यासारख्यांना निदान यंत्राची बोट आणि पुरेसं मानधन मिळणं हा त्या कराराचाच भाग आहे.

कोयता आणि करार

दिवाळी झाली की नंदुरबारचे पाडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादम आधी उचल देतो, मग ती फिटेपर्यंत राबायचं. मजुरांची मोजणीच ‘कोयत्या’त होते, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचलीपायी माणूस बांधला जात असेल तर सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार क्रमांक २९ लागू होतो, भारताने तो १९५४मध्येच स्वीकारलाय. आणि ग्रामीण मजुरांच्या संघटनांचा करार क्रमांक १४१ आपण १९७७मध्ये मान्य केला, शहाद्यात श्रमिक संघटना शेतमजुरांना एकत्र करू लागल्यानंतर पाच वर्षांनी.

इथे एक कामाची माहिती. एकट्या मजुराला आयएलओकडे दाद मागता येत नाही, कामगार संघटनेला येते. म्हणून ऊसतोड्यांची संघटना नोंदलेली असणं याला मोर्चापलीकडेही अर्थ आहे.

अठरा तज्ज्ञ आणि न गेलेला अहवाल

आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारावर जिनिव्हात १८ तज्ज्ञांची समिती लक्ष ठेवते. प्रत्येक देशाने साधारण पाच वर्षांनी अहवाल द्यायचा, समितीने उलटतपासणी घ्यायची. भारताची अशी तपासणी मे २००८मध्ये झाली. पुढचा अहवाल ३० जून २०११पर्यंत द्यायचा होता. मुदत उलटून दहा वर्षं झाली तरी तो गेलेला नव्हता. नागरिकाने समितीकडे थेट तक्रार करण्याचा जो जोडकरार २०१३पासून अमलात आहे, त्यातही भारत सामील नाही.

तरी एक दार उघडं आहे. देशाच्या तपासणीच्या वेळी लोकांच्या संस्था-संघटना आपला समांतर अहवाल पाठवू शकतात आणि समिती तो वाचते. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला ठरावाचं बळ दिलंय. बंद पडलेला दवाखाना, अडकलेला वनहक्क दावा, थकलेली मजुरी, जे असेल ते तारीख घालून ठरावात लिहा, प्रत जपून ठेवा आणि गावात येणाऱ्या संघटनेच्या हाती द्या.