गॅरेज समोरून की बाजूनं? घराच्या नकाशातून रिसर्च क्वेश्चन शिकूया

"विषय ठरलाय, पण रिसर्च क्वेश्चन जमत नाही." पेट पास होऊन सिनॉप्सिसला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून मी हे ऐकते. आज पुस्तकातलं नाही, घरचंच उदाहरण घेते.

आमचं घर राजूरला, वणी तालुक्यात. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या असलेलं गाव, म्हणून लोक 'राजूर कॉलरी' म्हणूनच ओळखतात. बाबा रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून ३० बाय ५० फुटांचा कॉर्नरचा प्लॉट घेतला. ३० फुटांची बाजू पूर्वेला, मोठ्या रस्त्यावर. ५० फुटांची बाजू दक्षिणेला, २० फुटी गल्लीवर. मग घरात महिनाभर एकच वाद: गॅरेजचं तोंड समोर ठेवायचं की गल्लीकडे? पैसा एकदाच लागणार होता, आणि कॉलम उभे राहिले की मत बदलून उपयोग नसतो. म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. "पीएचडी करतेस ना, मग सांग."

१. "कोणतं चांगलं?" हा प्रश्नच नव्हे

मी मिस्त्रींना विचारलं, कोणतं बरं? ते म्हणाले, "ताई, गाडी तं दोन्हीकडून जाईन. तुमाले काय पायजे ते सांगा."

माझ्या गाइडनी पहिल्या वर्षी जे सांगितलं होतं, तेच हे. बाबांना गाडी एका दमात आत जायला हवी होती. आईला समोरचा ओटा हवा होता. ३० फुटांच्या दर्शनी बाजूतले १० फूट गॅरेजनं खाल्ले, तर तिचा संध्याकाळचा ओटा गेला. भावाला खर्च कमी हवा होता. म्हणजे 'चांगलं' मोजायची मापं तीन, आणि तिन्ही वेगळी. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणामकारकता', 'विकास' असे शब्द असतील तर थांबा. कोणासाठी आणि कशात मोजणार, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. साहित्य वाचताना त्यांचा प्रश्न कोणता होता ते बघा

नेटवर बाजूच्या गॅरेजबद्दल शोधलं तर बहुतेक मजकूर अमेरिकेतला सापडतो. तिथला मूळ मुद्दा घराच्या चेहऱ्याचा आहे. पुढे आलेल्या गॅरेजमुळे घराचं दार दिसेनासं होतं. अशा घरांना तिथे 'स्नाउट हाऊस', म्हणजे थुतरीवालं घर म्हणतात. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरानं १९९९ मध्ये अशा घरांविरुद्ध नियमच केले. तिथे रुंद प्लॉटवर गाडी आत येते आणि अंगणातच वळून गॅरेजमध्ये शिरते.

हे आपल्याकडे जमेल का? आकडेमोड करा. गॅरेजची लांबी साधारण ५.५ मीटर. त्यासमोर काटकोनात वळायला साधारण ६ मीटर मोकळी जागा. एकूण ११.५ मीटर, म्हणजे जवळपास ३८ फूट. आमची दर्शनी बाजू ३० फूट. विषय संपला. आमचा प्लॉट मधला असता तर बाजूचं गॅरेज हा पर्यायच नव्हता; कॉर्नरचा असल्यामुळे वळायचं काम गल्ली करते. निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, ही त्याची मर्यादा. ती शेवटच्या प्रकरणात नाही, प्रश्नातच लिहायची.

३. आकडा नेमकं काय मोजतो?

गाडीच्या माहितीपत्रकात 'टर्निंग रेडियस ४.८ मीटर' असं काहीतरी असतं. मी तोच आकडा घेऊन गेटची रुंदी काढायला बसले होते. चूक! तो आकडा साधारणपणे पुढच्या बाहेरच्या चाकाचा असतो. भिंतीला घासतो तो बंपरचा कोपरा, आणि तो चाकाच्या पुढे असतो. शिवाय आतलं मागचं चाक आणखी आतून कापत जातं.

४ मीटरच्या आतली गाडी धरून हिशोब केला. (२००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा लहान गाड्यांवरचा कर कमी झाला, म्हणून आपल्याकडे इतक्या गाड्या याच मापाच्या आहेत.) बाहेरचा कोपरा साधारण ५.३ मीटर त्रिज्येनं फिरतो, आतली बाजू २.५ मीटरनं. म्हणजे १.७ मीटर रुंद गाडी वळताना २.८ मीटरचा पट्टा व्यापते.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका गाडीसाठी २.५ बाय ५ मीटर जागा दिली आहे. तेही बरोबरच आहे, पण ते माप उभ्या गाडीचं. आपल्याला वळणारी गाडी हवी होती. तयार आकडा उचलताना तो कशाचा आहे, हे आधी विचारा.

४. दोन चल एकात मिसळू नका

भावानं मुद्दा काढला की बाजूच्या गॅरेजनं घर थंड राहतं. आमच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे मुद्दा वजनदार होता. नकाशात गॅरेज प्लॉटच्या मागे, पश्चिमेला येत होतं. दुपारनंतरचं ऊन आधी गॅरेजच्या भिंतीवर पडणार आणि आतली खोली वाचणार. खरं आहे. पण हा गुण गॅरेज पश्चिमेला असण्याचा आहे, गाडी बाजूनं शिरण्याचा नाही. गल्ली तीच ठेवून गॅरेज पुढच्या कोपऱ्यात बांधलं असतं, तर गाडी बाजूनंच शिरली असती आणि घर तापलंच असतं. तुमच्या विषयातही अशा जोड्या असतात. इंग्रजी माध्यम आणि घरची मिळकत घ्या. दोन्ही एकत्र येतात, म्हणून श्रेय भलत्याला मिळतं.

५. मे महिन्यात मोजलं, जुलैत फसलं

मे महिन्यात आम्ही रिकाम्या प्लॉटवर फक्की मारून गॅरेज आखलं. गेटच्या जागी दोन बांबू रोवले आणि ओळखीच्यांची गाडी मागून आणली. गल्ली कागदावर २० फूट असली तरी नाली आणि विजेचे खांब सोडून १६ फूटच उरत होती. ८ फुटांच्या गेटमधून गाडी मागेपुढे केल्याशिवाय जाईना. १० फुटांतून एका दमात गेली, पण बांबूला चाटून. १२ फुटांवर बाबा खूश. मी वहीत लिहिलं: 'बाजूचं गॅरेज शक्य.'

जुलैत बाबा म्हणाले, एकदा पुन्हा बघू. मला ते वेळ घालवणं वाटलं. गल्ली कच्ची, काळ्या मातीची. वळणावर चाक रुतलं आणि चौघांनी ढकलून गाडी काढली. माझं मोजमाप चुकलं नव्हतं. ते फक्त मे महिन्याचं होतं. मी मात्र निष्कर्ष बारा महिन्यांचा लिहिला होता.

मग बाजूच्या पर्यायात गल्लीतला मुरूम आणि नालीवरचा ढापा, हा खर्च धरला. भावाच्या मापात हा पर्याय महाग ठरला, बाबांच्या आणि आईच्या मापात टिकला. दिवाळीनंतर काम सुरू झालं: गल्लीकडून १२ फुटांचं सरकतं गेट, समोर पूर्ण रुंदीचा ओटा.

शेवटी आमचा प्रश्न असा झाला: '३० बाय ५० फुटांच्या कॉर्नर प्लॉटवर, १६ फूट वापरता येणाऱ्या गल्लीतून, ४ मीटरची गाडी पावसाळ्यातही एका दमात आत जाण्यासाठी किती रुंद गेट आणि किती जादा खर्च लागेल?' लांबलचक आहे, दिसायला साधा आहे, पण त्याचं उत्तर काढता येतं.

या आठवड्यात तुमचा प्रश्न घेऊन बसा आणि त्याखाली चार ओळी लिहा: कोणासाठी, कुठे, कशात मोजणार, आणि कोणत्या ऋतूत मोजणार. चौथी ओळ तुमच्या विषयाला लागू नाही असं वाटलं, तर ती आधी लिहा.