ऐक्याची शब्दरचना : दक्षिण व उत्तर भारतातील चर्च-एकीकरण

ख्रिस्ती मंडळीची संघटना बदलताना नेतृत्वाला सिद्धान्ताइतकीच शब्दांचीही जुळवाजुळव करावी लागते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरा त्यात एकवटल्या. पूर्वीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा द्यावयाची नाही, आणि सद्सद्विवेकाला न पटणारा उपासनाविधी वा पाळक कोणत्याही मंडळीवर लादावयाचा नाही, अशी हमी देण्यात आली. त्यामुळे जुनी उपासना तडकाफडकी सोडण्याची सक्ती झाली नाही. इंग्लंडमधील काही अँग्लिकनांचा रोष मात्र ओढवला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, तेव्हा वाट निराळी होती. येथे पाळकवर्गाच्या एकीकरणासाठी परस्परांच्या डोक्यावर हात ठेवण्याचा विधी योजला गेला. त्याला नवी दीक्षा म्हणावे की केवळ परस्परस्वीकृती, हे प्रार्थनेच्या शब्दांनी मुद्दामच मोकळे ठेवले. काव्यात गुण ठरणारी अनेकार्थता करारात सहसा दोष मानली जाते; येथे ऐक्य तिच्यामुळेच साधले. बाप्तिस्म्याच्या बाबतीत ही सोय नव्हती. बालकांचा आणि श्रद्धा जाहीर करणाऱ्यांचा, अशा दोन्ही रीती स्पष्ट शब्दांत मान्य कराव्या लागल्या. वाटाघाटींत सहभागी असलेले 'मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया' मात्र ऐनवेळी बाहेर राहिले.