बेसूर गिटारीची चिकित्सा

विजेची गिटार मोकळ्या तारांवर सुरांत लागते. परंतु वरच्या पडद्यांवर बोटें जातांच ती बेसूर होते. अशा वेळीं मुलास कान नाहीं असें कोणी म्हणतो, तर कोणी वाद्यच टाकाऊ ठरवितो. बहुधा हे दोन्ही निर्णय अन्यायाचे असतात, हें आम्ही येथें थोडक्यांत दाखवूं इच्छितों.

मोकळ्या तारेचा स्वर १२ व्या पडद्यावर वरच्या सप्तकांत निघावा, असा नियम आहे. पण तार दाबतांना ती किंचित् ताणली जाऊन स्वर चढतो. हा चढ भरून काढण्याकरितां घोडीवरील ज्या टेकूवर तार बसते, तो स्क्रूनें मागें घेऊन तारेची लांबी थोडी वाढवितात. जिचा गाभा जाड, त्या तारेस ही वाढ अधिक लागते.

परीक्षा सोपी आहे. मोकळी तार प्रथम लावून घ्यावी. मग १२ व्या पडद्यावर नुसत्या स्पर्शानें निघणारा स्वर आणि तेथेंच दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला स्वर चढा असल्यास टेकू मागें, उतरा असल्यास पुढें न्यावा. प्रत्येक वेळीं तार पुन्हां लावावी.

परंतु कधीं कधीं टेकू पुरा मागें जाऊनही स्वर चढाच राहतो. १९५१ सालच्या टेलिकास्टर गिटारीस ६ तारांकरितां ३ टेकू होते. त्यामुळें एक तार साधावी, तों जोडीची बिघडे. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरमध्यें प्रत्येक तारेस स्वतंत्र टेकू मिळाला. त्याच वर्षीं गिब्सनच्या गिटारीवर आलेल्या ट्यून-ओ-मॅटिक घोडीसही ६ टेकू होते. मात्र घोडी अरुंद असल्यानें त्यांस सरकावयास जागा थोडी.

म्हणून घोडी उखडण्याची घाई करूं नये. प्रथम नवी तार चढवावी. झिजलेली तार खरा स्वर देत नाहीं. मग पडद्यांपासून तारांची उंची पाहावी. ती जितकी अधिक, तितका दाबतांना ताण अधिक. तारेखालचें लोहचुंबक फार जवळ असल्यास तेंही तारेस ओढून स्वर फसवितें. तें खालीं घ्यावें. टेकूची धार पुढल्या अंगास असल्यास तो उलटा बसवावा. एवढ्यानेंही थोडी जागा मिळते. मागील स्प्रिंग आड येत असल्यास ती आंखूड करावी. शेवटीं बारीक गाभ्याची तार लावून पाहावी. इतक्यानें न भागलें, तरच कारागिराकडे जावें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या कानास दोष देण्यापूर्वीं वाद्याची ही तपासणी करावी. ज्या मुलास बेसूरपणा कळला, त्याचा कान चांगला आहे, हें विसरूं नये.