गोणीवरचे दोन हात

परदेशी मदतीवर देणाऱ्या सरकारचे नाव आणि चिन्ह छापण्याची आजची पद्धत पक्की झाली ती मार्शल योजनेत. १९४८ पासून अमेरिकेचा माल युद्धाने मोडलेल्या युरोपात जाऊ लागला. या मालाचे श्रेय सोव्हिएत संघ लाटेल, अशी अमेरिकी काँग्रेसला धास्ती होती. म्हणून प्रत्येक खोक्यावर आणि पोत्यावर ढालीच्या आकाराचे चिन्ह आले. ‘युरोपच्या पुनर्उभारणीसाठी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडून’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर त्यावर होता. पुढे मदत आशियाकडे वळली तेव्हा हा मजकूर अडचणीचा ठरला. तो किती भाषांत छापायचा, आणि ज्याला अक्षरओळखच नाही त्याने काय वाचायचे? मार्शल योजनेच्याच कार्यालयात काम करणाऱ्या एलेनॉर गॉल्ट या बाईंनी त्यावर तोड काढली आणि ढालीवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आणले. चित्र साधे होते आणि ते फार लांब पोहोचले.

नियमांचा भाग थोडक्यात असा. अमेरिकेच्या १९६१ च्या कायद्याने परदेशातील कामाची ओळख ‘अमेरिकन मदत’ अशीच करून देण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी यूएसएड ही संस्था निघाली. २००४ च्या त्सुनामीच्या सुमारास तिने ‘अमेरिकी जनतेकडून’ ही ओळ चिन्हाला जोडली. जपान ‘जपानच्या जनतेकडून’ असे लिहितो, युरोपीय संघ आपला ताऱ्यांचा झेंडा लावतो, ब्रिटनने २०१२ मध्ये युनियन जॅक असलेले ‘यूके एड’ हे चिन्ह आणले. १ जुलै २०२५ ला यूएसएडचे काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले आणि जुन्या चिन्हाची जागा अमेरिकेच्या झेंड्याने घ्यायचे ठरले.

महाराष्ट्राचा या चिन्हाशी संबंध आला तो पी.एल. ४८० मुळे. १० जुलै १९५४ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या या धान्यमदतीच्या कायद्याखाली भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. या कायद्याखाली आलेला बहुतेक गहू दान नव्हता, तो भारताने रुपयांत विकत घेतलेला होता. तो जहाजाच्या पोटात सुटाच यायचा. मुंबई बंदरात तो तागाच्या पोत्यांत भरला जाई आणि रेशन दुकानात पोहोचेपर्यंत त्यावर चिन्ह नसे, नाव नसे. लोक त्याला रेशनचा गहू म्हणत. हात छापलेल्या गोण्या आणि डबे यायचे ते फक्त दानाच्या मालाचे. त्यांच्यावर ‘अमेरिकेच्या जनतेकडून भेट’ असे लिहिलेले असे आणि खाली ‘विकू नये, बदलू नये’ अशी ताकीद. हा माल सरकारी दुकानात न जाता केअर, कासा अशा संस्थांमार्फत गावात येई. म्हणजे सिंहाचा वाटा बिननावाचा होता आणि नाव होते ते लहानशा वाट्यावर.

हा लहानसा वाटा जवळून पाहायचा तर बारामती-इंदापूरचा पट्टा घ्यावा. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात वसलेला. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस उभा, आणि कालव्यापासून दूर कळससारख्या माळाच्या गावांचे सगळे लक्ष आभाळाकडे. बारामतीची जिरायत गावेही अशीच. साठीच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरीच्या सुरुवातीला इथे कामाच्या बदल्यात धान्य देऊन पाझर तलाव खोदले गेले. अप्पासाहेब आणि शरद पवार यांनी त्यासाठी पुढाकार घेतला, आणि त्याच कामातून बारामतीचे कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. मजुरीचा गहू आणि तेल कासाकडून येत असे. कासा ही फाळणीच्या वेळी निर्वासितांसाठी सुरू झालेली चर्चप्रणीत संस्था. बारामतीत ऑस्ट्रेलियन चर्चचे मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून असल्याने तिला इथे वाट मोकळी होती.

आता या कामावर आठवड्याचा गहू घेणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणावी. गहू पिकवला अमेरिकेतल्या शेतकऱ्याने, पैसे मोजले तिथल्या सरकारने, वाटला कासाने, हजेरी मांडली मुकादमाने आणि कामाची आखणी केली बारामतीच्या माणसांनी. गोणीवर हात छापलेले असले तरी धान्य मापून पदरात घालणारे हात वेगळे होते. गावात त्याचे नाव पडले ‘कासाचा गहू’. अमेरिकेच्या कायद्याला जे नाव सर्वांच्या तोंडी हवे होते, ते गोणीवरच राहिले. यात लोकांची चूक काढता येत नाही. ज्याच्या दारी जाऊन धान्य आणले त्याचे नाव त्यांनी दिले, आणि ते रास्तच आहे.

गोणी रिकामी झाली की तिचे दुसरे आयुष्य सुरू होई. कापडी गोणी उसवून, खारात भिजवून, घासून धुतली जाई. शाई सहजी निघत नसे. मग अंगात घालायच्या बंडीच्या पाठीवर, दुपट्याच्या कोपऱ्यात नाहीतर दळणाच्या पिशवीवर दोन फिकट हात महिनोन् महिने दिसत राहत. तेलाच्या चौकोनी डब्याचे मोल त्याहून जास्त. वरचा पत्रा कापायचा, कडा हातोडीने आत ठोकून बोथट करायच्या, आडवी काठी बसवायची, की पाणी शेंदायला भांडे तयार. कुणी त्यात तुळस लावी, कुणी चुलीजवळ मीठ ठेवी. ज्या घरात छापील कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड, त्या घरातले दुसरे छापील चित्र म्हणजे हा डबा. चिन्ह आखणाऱ्यांनी त्याचा आकार, रंग आणि प्रमाण कितीही काटेकोर ठरवले असो, त्याचा खरा प्रवास ठरला तो कापडाच्या टिकाऊपणावर आणि पत्र्याच्या जाडीवर.

१९७२ च्या दुष्काळात नावांची ही गंमत आणखी रंगली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडायची, नालाबंडिंग करायचे, तलावाची माती वाहायची. त्या काळातले दोन शब्द आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. पहिला सुकडी. कामावर पोरांना आणि बायकांना वाटले जाणारे हे गोडसर पौष्टिक पीठ कोरडेच बकाणा भरून खात. गुजरातेत गव्हाचे पीठ, तूप आणि गुळाच्या वडीला सुखडी म्हणतात, तिच्याशी या नावाचे नाते उघड दिसते. दुसरा शब्द मिलो. ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी लालसर आणि चिरट होई, आणि शाळू खाल्लेल्या जिभेला ती रुचेना. अमेरिकेत ही ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात, ही बातमीही पसरली आणि मनाला लागली. मिलोला वेगळ्या चिन्हाची गरजच नव्हती. तिचा रंग हेच तिचे चिन्ह. मात्र १९७१ च्या युद्धानंतर अमेरिकेची सवलतीची विक्री थांबली होती आणि १९७२-७३ मध्ये भारताने बाहेरून धान्य आणले ते बहुतांशी रोख पैसे मोजून. विकत घेतलेल्या धान्यालाही दानाचे लांच्छन चिकटले, ही गोष्ट आजही खटकते.

धान्याच्या मागोमाग आलेल्या आणखी एका नावाची नोंद करायला हवी. गाजर गवत म्हणजे पार्थेनियम. बांधावर, माळावर, एसटी स्टँडच्या मागे, सगळीकडे माजणारे हे तण परदेशी गव्हातून आले असे सर्रास सांगितले जाते. पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे त्याला काँग्रेस गवत म्हणतात, असेही सांगतात. त्याच्या फैलावाची ठळक नोंद पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्याला झाली. पी.एल. ४८० चा करार १९५६ चा, म्हणजे हिशेब नीट जुळत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेने दिलेल्या कर्जाऊ गव्हाकडे बोट दाखवणे त्यापेक्षा सयुक्तिक ठरेल. तरीही शेतकऱ्याच्या मनात या मदतीची सर्वांत पक्की खूण कोणती, तर हेच बिनछापाचे तण.

मदतीचा छाप पुस्तकांवरही उमटला. विकलेल्या गव्हाचे रुपये भारतातच साचत होते. त्यातून १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील पुस्तके घेतली आणि तिथल्या विद्यापीठांना पाठवली. मराठी पुस्तकेही त्यात होती, आणि सूचिपत्रावर पी.एल. ४८० ही खूण. महाराष्ट्रात गहू उतरला, त्याच खात्यातून मराठी कादंबऱ्या शिकागोला गेल्या. उरलेल्या रकमेचा मोठा निकाल १८ फेब्रुवारी १९७४ ला लागला. अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला.

नावाच्या बाबतीत सर्वांत ठसठशीत उदाहरण ट्रॉम्बेचे. कोलंबो योजनेखाली कॅनडाने दिलेली अणुभट्टी १० जुलै १९६० ला सुरू झाली. जड पाणी अमेरिकेने दिले. म्हणून कॅनडा, इंडिया, रिअ‍ॅक्टर आणि यूएस यांच्या आद्याक्षरांचे ‘सायरस’. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातील प्लुटोनियम याच भट्टीचे. कॅनडाने संतापून अणुसहकार्य तोडले, पण त्याचे नाव भट्टीला ३१ डिसेंबर २०१० ला ती बंद होईपर्यंत राहिले. गोरेगावच्या आरे वसाहतीतील न्यूझीलंड हॉस्टेलही असेच जुन्या मदतीचे नाव सांगत उभे आहे.

नंतरच्या काळात छाप सौम्य झाला आणि जोडनावे आली. फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून अहमदनगरच्या गावांत ‘इंडो-जर्मन’ पाणलोटाची कामे झाली, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘इंडो-डच’ भाजीपाला केंद्र उभे राहिले. दोन देश बरोबरीने, आणि भारताचे नाव आधी. मोठ्या कर्जाच्या कामात छाप त्याहूनही सौम्य. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूसाठी जपानच्या जायका या संस्थेने कर्ज दिले, पण पुलाचे नाव भारताच्या माजी पंतप्रधानांचे.

देणारा म्हणून भारताचा छाप पुण्यातून निघाला. २० जानेवारी २०२१ ला सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशिल्ड लशीचे दीड लाख डोस भूतानला आणि एक लाख मालदीवला गेले. खोक्यांवर ‘भारताची जनता आणि सरकार यांच्याकडून भेट’ असे लिहिलेले होते, इंग्रजीत. खोके शीतगृहापर्यंत जाते. पुढे परिचारिकेच्या हाती येते ती बोटाएवढी कुपी, आणि तिच्यावर असते लशीचे नाव, उत्पादकाचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि मुदत.